पंप बरा की रेल बरी?

कडक भाकरीला दोन शत्रू. एक दमट हवा आणि दुसरी मोटारीची डिकी. पहिल्याची सोलापुरात भीती नाही. इथं मे महिन्यात पारा ४४ ला टेकला की भाकरी सावलीत ठेवली तरी कडक होते आणि शेजारी बसलेला माणूसही. दुसऱ्या शत्रूनं मात्र आमच्या घरात वात आणला होता. बायकोचा बचत गट दर आठवड्याला पुण्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतो. टेम्पोतून पाठवली तर भाकरीचा चुरा पोचतो. पुणेकर चुराही घेतात, पण भाव पाडून. आमच्या जुन्या सेडानच्या डिकीचं तोंड इतकं चिंचोळं, की चळत आत घालताना वरची कड लागतेच. उंच जीप घेतली तर प्रत्येक खोका छातीपर्यंत उचलायचा.

"अहो, ती असते बघा," ही म्हणाली, "पुढून साधी कार, पण छत मागं शेवटपर्यंत जातं आणि मागचं दार वर उघडतं. सीट आडवी केली की अख्खी सपाट. तसली बघा. डिझेलच बघा."

तसली गाडी म्हणजे इस्टेट. आपल्याकडं ती रुजली नाही. १९९२ साली टाटांनी तर 'इस्टेट' याच नावाची काढली होती, २००४ मध्ये इंडिगो मरीना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, मारुतीनं बलेनो अल्टुरा काढून बघितली, पण ती पेट्रोल. लोकांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि सेडान घेतली. ज्याच्या गाडीला मागं वेगळी डिकी, तो साहेब. ज्याचं सामान आणि माणसं एकाच छताखाली, तो धंदेवाला, असा आपला हिशेब. त्यात २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे, बीएस ६ चे, कडक नियम आले आणि छोटी डिझेल इंजिनं नव्या गाड्यांतून जवळजवळ गायबच झाली. म्हणजे मला हवी ती वस्तू नवी मिळणार नव्हती आणि जुनी कोणाला नको होती. भाव पडायला याहून चांगली परिस्थिती कोणती? मी खूश होतो. खूश असण्याचा काळ थोडाच टिकला.

कारण शोधता शोधता गाड्या दोन निघाल्या. एकाच मॉडेलच्या, रंगही जवळपास एकच. एकीत जुन्या धाटणीचं, साध्या पंपावरचं टर्बो डिझेल आणि दुसरीत कॉमन रेल. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. इंजिनाबद्दल माझी समजूत एवढीच, की ते पुढं असतं.

पहिला सल्ला पुण्याहून फोनवर आला. "दाजी, पंपवालं अजिबात घेऊ नका," मेव्हणा म्हणाला. "ती टेक्नॉलॉजी संपली." मेव्हणा आयटीत आहे. त्याच्या मते दर दोन वर्षांनी सगळंच संपतं.

दुसरा सल्ला अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजातल्या वस्तादांचा. "सर, कॉमन रेल घ्याचं असेल तर घ्या," वस्ताद हात पुसत म्हणाले, "पर मग गाडीसंगं लॅपटॉपवाला पन घ्या. पंपवाल्यात काय हाय? पंप हाय, नोझल हाय, संपलं की ओ. रस्त्यात बंद पडली तर कुटल्या पन गावात मिस्त्री मिळतो. रेलवालीचा एक सेन्सर गेला की गाडी म्हणती, मी आता चालत नाय. का नाय, ते सांगत नाय."

तिसरे आमच्या गल्लीतले जॉबर मामा. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात त्यांनी उभी हयात जॉबरकी केली. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून कुठला भाग कुरकुरतोय ते सांगायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि मशिनशी दोन्ही. त्यांनी मला न विचारताच यायचं कबूल केलं.

आता इतके तज्ज्ञ जमल्यावर मलाही काहीतरी येणं भाग होतं. मी वाचायला बसलो आणि थेट मुळाशी गेलो, कारण प्राध्यापकाला मधूनच सुरुवात करता येत नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नीट चाललं. तिथवर ठीक. पण १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! मी उडालोच. शेंगदाणे म्हटल्यावर हा विषय मुळात सोलापूरचा. स्वयंपाकघरात जाऊन मी ही बातमी दिली. "शेंगतेलाचा डबा केवढ्याला झालाय माहितीय का?" एवढंच उत्तर आलं आणि पर्यायी इंधनाचं एक दालन बंद झालं.

दोन इंजिनांतला फरक मात्र मला कळला, आणि तो मी भेटेल त्याला सांगू लागलो. त्या पंपवाल्या जुन्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरात जात नाही. शेजारी एक छोटी खोली असते, त्या खोलीत ते आधी पेट घेतं आणि मग पेटलेल्या अवस्थेत मोठ्या खोलीत घुसतं. आमच्या घरातली भांडणं याच पद्धतीनं होतात, स्वयंपाकघरात सुरू होऊन दिवाणखान्यात येतात. त्या छोट्या खोलीच्या भिंती बरीच उष्णता गिळतात, म्हणून डिझेल जास्त लागतं आणि थंडीत हिटर प्लग तापल्याशिवाय इंजिन उठत नाही. "हिटर गेला असेल तर?" मी वस्तादांना विचारलं. "सोलापुरात?" वस्ताद म्हणाले आणि पुढं काही बोललेच नाहीत.

कॉमन रेलमध्ये ही खोलीबिली नाही. एक पंप जाड नळीत डिझेल दाबून ठेवतो, ती सगळ्या सिलिंडरांची सामाईक नळी म्हणजे रेल. दाब १४०० बार, १६०० बार. आपण टायरमध्ये भरतो ती हवा साधारण २ बारची, यावरून काय ते समजा. त्या दाबाचं डिझेल केसाएवढ्या भोकांतून उडतं आणि कधी, किती उडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मुख्य फवाऱ्याच्या आधी एक चिमुकला फवारा मारतो, त्यामुळं धडधड कमी होते. मोटारीत हे पहिल्यांदा आलं १९९७ मध्ये, इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये. उत्तम. फक्त एवढ्या बारीक भोकांना पाणी आणि घाण सोसत नाही. ड्रममधलं डिझेल घातलं किंवा फिल्टर बदलायचा राहिला, की डिझेल फवारणारे इंजेक्टर बसले. त्या पैशात माझा अख्खा पंप खोलून बसवून होतो, असं वस्ताद म्हणत आणि म्हणताना छातीवर हात ठेवत.

पंपवाली गाडी गाडीबाजारात होती. एजंट म्हणाला, "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी." गाडीबाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. त्या सगळ्या गाड्यांना पुरतील एवढे डॉक्टर सोलापुरात असते, तर एकाही दवाखान्यात नंबर लावावा लागला नसता. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. वस्तादांनी आत वाकून क्लचचा पेडल बघितला. रबरावरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. "डॉक्टरसाहेब एका पायावरच उभे ऱ्हात होते काय ओ?" त्यांनी विचारलं. एजंटनं रस्त्याकडं बघितलं.

मग वस्तादांनी बॉनेटवर तळवा ठेवला. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी सुरू करून तापवून ठेवतात, म्हणजे थंड इंजिन उठताना काय नाटक करतं ते दिसत नाही. म्हणून आधी बॉनेटला हात लावायचा. शास्त्र बरोबर आहे, पण ते थंड हवेच्या गावांसाठी. सोलापुरात दुपारी १२ वाजता बॉनेट इंजिनानं तापलंय की सूर्यानं, हे ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही. वस्तादांचा तळवा पोळला, निदान झालं नाही.

गाडी सुरू झाली. वस्तादांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून धुराचा पुसटसा फुत्कार आला. "थोडं बॅक कॉम्प्रेशन हाय," ते म्हणाले, म्हणजे सिलिंडरातला दाब फटीतून खाली गळतोय. हे त्यांनी ज्या मायेनं म्हटलं, त्यावरून माझ्या लक्षात आलं, की त्यांना गाडी आवडलीय. बिघाड ओळखीचा होता. जॉबर मामांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. "चालूलालाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "मनापासून चालूलालाय ओ सर."

रेलवाली एका निवृत्त मास्तरांची होती, विजापूर रोडच्या एका कॉलनीत, कापडाखाली झाकलेली. १५ वर्षं उलटलेली, पण पर्यावरण कर भरून, पासिंग करून ५ वर्षांची मुदत मिळवलेली. मास्तरांनी किल्ली फिरवली. मामांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, काढला, दुसऱ्या कानाला लावला. "ह्याचा आवाजच नीट येईना की ओ," ते चिंतेनं म्हणाले. "आजारी हाय काय?" वस्तादांनी झाकण काढलं, सायलेन्सरला पांढरा रुमाल लावला, खाली वाकले, वर आले. त्यांना काहीच सापडलं नाही आणि ते स्पष्ट नाराज दिसले.

आता भाकरीची चाचणी. ही कल्पना हिची. दोन्ही गाड्यांतून सारख्याच भाकऱ्यांची चळत मागं ठेवायची, सात रस्त्यापासून विजापूर रोडनं तेच अंतर जायचं आणि तुकडे बघायचे. एवढी वस्तुनिष्ठ चाचणी मोटारीच्या कारखान्यातही होत नसावी. मी चालवत होतो, ही मागं चळतीशेजारी, मामा पुढं. पंपवाली सिग्नलला उभी राहिली की सगळी गाडी थरथरे, आरसा थरथरे आणि आरशात दिसणारी बायकोही. मला निकाल तिथंच दिसला. परत आलो. चळत सोडली. चळत जवळजवळ साबूत! मग रेलवालीतून गेलो. सिग्नलला इतकी शांत, की मी दोनदा काट्याकडं बघितलं. परत आलो. चळतीत तुकडेच तुकडे.

वस्तादांचा चेहरा फुलला. मेव्हणा फोनवर होता, तो म्हणाला, "सॅम्पल साइझ लहान आहे." मग वस्तादच गुडघ्यावर बसून रेलवालीच्या मागच्या चाकाखाली बघू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रामाणिक माणूस. "मागचे शॉकॲब्सॉर्बर गेल्यात," ते म्हणाले. "भाकरी त्यानं मोडली. इंजिनाचा काय संबंध नाय." पंपवालीला एजंटनं विकायच्या आधी शॉकॲब्सॉर्बर नवे बसवले होते. म्हणजे इतके दिवस आम्ही पंप, नोझल, बार, फवारा यांवर बोललो आणि भाकरीचं भवितव्य त्यातल्या एकाही गोष्टीत नव्हतं.

पुढं हिशेब निघाला. पुणं जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. पंपवाली १५ चं ॲव्हरेज देईल, रेलवाली १८ चं. एका फेरीला पाचेक लिटरचा फरक. "अन एक इंजेक्टर गेला की तुमची वर्षाची बचत गेली," वस्ताद. "पण जाईलच कशाला?" मेव्हणा. "जातो." "नाही जात." "तुमी पुन्यात हाव, तुमाला काय होतंय." मामा मधेच म्हणाले, मागाला वेळेवर तेल दिलं तर माग जात नाही, जॉबर जातो. यावर दोन्ही बाजूंनी मान हलवली आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

या गलक्यात हिचा आवाज येत नव्हता, म्हणून मी वळून बघितलं. ही रेलवालीत पुढच्या सीटवर बसून काहीतरी वाचत होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात तिला एक वही सापडली होती. मास्तरांची. पहिल्या पानापासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, तारीख, किलोमीटर, लिटर, पंप कुठला. डिझेल फिल्टर बदलल्याच्या नोंदी लाल शाईत, ऑइलच्या हिरव्या. टायमिंग बेल्टला दुहेरी अधोरेखन. मधेमधे शेरेही होते. 'तुळजापूर. देवदर्शन उत्तम. ॲव्हरेज समाधानकारक.' 'जावयांनी चालविली. क्लचचा वास. पुन्हा देणे नाही.' एका पानावर गाडीला चक्क शंभरपैकी गुण होते.

बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या बाईला दुसरा पुरावा लागत नाही. तिनं वही मिटली आणि मास्तरांना विचारलं, "सर, वही गाडीसोबत द्याल ना?" मास्तरांचा चेहरा पडला. गाडीच्या किमतीवर त्यांनी फार घासाघीस केली नाही, शॉकॲब्सॉर्बरचे पैसेही मुकाट वजा करून दिले, पण वहीवर अडून बसले. शेवटी झेरॉक्सवर तडजोड झाली.

"तुम्ही का विकताय?" मी टोकन देताना विचारलं.

"आता इलेक्ट्रिक घेतोय," मास्तर म्हणाले. "डिझेलचा फार व्याप असतो हो."

गाडी नावावर करायच्या टीटीच्या फॉर्मवर सह्या झाल्या. वस्तादांनी पहिला फिल्टर बदलताना एकदाही छातीवर हात ठेवला नाही. मामा रोज संध्याकाळी गाडीपाशी येतात, कान लावतात आणि काही न बोलता जातात. गल्लीतली पोरं "सर, ॲम्ब्युलन्स घेतली?" असं विचारतात, त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते मेव्हण्याच्या फोनचं. इतके दिवस तो रेलची बाजू लढवत होता, म्हणून रेलच जिंकल्याचं मी त्याला कळवलं, तर तिकडं क्षणभर शांतता.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "पण दाजी, खरं सांगू का? तुमचं रनिंग बघता पेट्रोलच घ्यायला पाहिजे होती."

हिनं माझ्या हातातून फोन घेतला. "रविवारी येतोयस ना? येताना पुण्याहून दोन डिझेल फिल्टर घेऊन ये, इथं महाग सांगूलालेत. आणि बिल आण. वहीत लावायचंय."