विणकामाच्या पॅटर्नमध्ये ‘पुढे तसंच’ म्हणजे कसं, ते लिहायला हात दुखतात का?

काल रात्री क्रोशाच्या १४ फेऱ्या उसवल्या. साडेअकरा वाजता, जेवणाच्या टेबलाशी बसून, दात-ओठ खात. नवरा पाणी प्यायला उठला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि अवाक्षर न काढता परत जाऊन झोपला. शहाणा माणूस.

करायचं काय होतं? ताटाखाली ठेवायच्या गोल मॅट. सहा नग. गौरीजेवणाला बायका येतात, तेव्हा टेबलावर प्लास्टिक नको, हाताने केलेलं काहीतरी असावं, एवढीच हौस. आठ प्लाय जाडीचा सुती दोरा, ४ मिलिमीटरची सुई आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेला एक फुकटचा पॅटर्न, म्हणजे विणायची लेखी कृती. फोटोत मॅट कशी, तर तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीसारखी गोल आणि सपाट. खाली लिहिलंय, ‘अगदी सोपा, नवशिक्यांसाठी.’

पॅटर्न म्हणाला, रिंगमध्ये ६ डीसी, म्हणजे डबल क्रोशे नावाचे टाके करा. केले. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन करा, १२ होतील. झाले. मग दर फेरीला ६ वाढवत जा. गेले बाई, वाढवत गेले. चौथ्या फेरीला कडा उचलायला लागल्या, आठव्या फेरीला आमटीची वाटी तयार झाली आणि चौदाव्या फेरीला मी ती लेकाच्या डोक्यावर ठेवली तर कानापर्यंत फिट्ट बसली.

तुम्ही म्हणाल, आठव्याच फेरीला का नाही थांबलीस? नाही थांबले, कारण तेव्हा मी फोटो काढून आमच्या विणणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. एकीने सांगितलं, तुझा हात घट्ट आहे. दुसरी म्हणे मोठी सुई घे. तिसरीने नुसतेच हात जोडलेले पाठवले. चौथी म्हणाली, ‘टोपी मस्त झालीय!’ आणि पाच जणींनी, मोजून पाच जणींनी, तो एक रामबाण उपाय सांगितला: ‘काही होत नाही गं, ब्लॉकिंग केलं की सपाट बसेल.’

ब्लॉकिंग म्हणजे काम ओलं करायचं, टाचण्या लावून ताणून ठेवायचं आणि वाळवायचं. बरोबर आहे, मीही करते. जाळीच्या रुमालाचे कंगोरे त्याने काय सुरेख उघडतात! (टाचण्या स्टेनलेसच्या घ्या, नाहीतर पांढऱ्या रुमालावर गंजाचे ठिपके पडतात आणि ते जन्मात जात नाहीत. हे कोणी सांगितलं होतं मला? कोणी नाही. रुमाल गेला तेव्हा कळलं.) पण ब्लॉकिंग म्हणजे काही अंगारा नव्हे. कडेला थोडी लाट असेल तर ती बसते. मुळात टाकेच निम्मे असतील, तर पाणी काय करणार आणि टाचणी काय करणार?

निम्मे होते. अक्षरशः निम्मे. चौदाव्या फेरीला माझ्याकडे ८४ टाके होते आणि हवे होते १६८. कारण तो पॅटर्न ब्रिटिश होता आणि मी टाके अमेरिकन घातले.

आता या भानगडीवर मला मनसोक्त ओरडू द्या. क्रोशाच्या टाक्यांना अमेरिकेत एक नाव आणि इंग्लंडात दुसरं. वेगळी नावं असती तर काही म्हणणं नव्हतं. आपल्याकडे तरी भाजीला गावागणिक नाव बदलतंच. पण यांनी काय केलं, तर तेच नाव वेगळ्या टाक्याला दिलं! अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आपला बुटका मुका खांब. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला उंच साधा खांब. म्हणजे ‘डीसी’ एवढीच दोन अक्षरं लिहिली, तर तो बुटका टाका की उंच टाका, हे देवालाच माहीत. पॅटर्नच्या डोक्यावर ‘ब्रिटिश शब्द वापरले आहेत’ एवढं एक वाक्य टाकलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. एक वाक्य! त्याऐवजी बाईंनी त्यांचं मांजर, त्यांची कॉफी आणि बाहेरचा पाऊस यांच्यावर आठ परिच्छेद लिहिलेत.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही, यात हिशोब आहे. वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सव्वासहा पट, हे सातवी-आठवीत घोकलेलं. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, म्हणून दर फेरीला सहा वाढवले की गोल सपाट राहतो. खांब त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून तिथे सुरुवातच १२ ने करायची आणि दर फेरीला १२ वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. बस्स. अख्ख्या गोल कामाचं गुपित एवढंच. हे दोन ओळींत सांगता येतं, पण सांगणार नाहीत. ‘हात घट्ट आहे तुझा’ म्हणतील. माझ्या हाताला नावं ठेवायची गरज नाही, हात चांगला आहे माझा!

आता मी स्वतःच ओळखायला शिकलेय. पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश यादीत ते नावच नाही. ‘हाफ ट्रेबल’ दिसलं की ब्रिटिश. टाका सोडायला ‘स्किप’ म्हणतात ते बहुधा अमेरिकेचे, ‘मिस’ म्हणतात ते इंग्लंडचे. आणि काहीच नसेल तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या बघायच्या. वळताना ३ साखळ्या घेऊन डीसी सांगितला असेल तर उंच खांब, एकच साखळी असेल तर मुका. मी गुप्तहेर खात्यात नाही हो, मला फक्त मॅट विणायची आहे.

बरं, मराठीत तरी सुख आहे का? माझ्या आईचा मुका खांब म्हणजे वर सांगितला तो. माझी मावशी मात्र, सख्खी बहीण तिची, फेरी जोडायच्या सरकत्या टाक्यालाच ‘मुका’ म्हणते. दोघी एकाच घरात, एकाच आजीकडे शिकल्या. लहानपणी मावशीने सांगितलेलं तोरण आईच्या हिशोबाने करून मी दाराच्या दीडपट लांब केलं होतं.

सुयांचं तर विचारूच नका. दुकानात जाऊन ‘४ ची सुई द्या’ म्हटलं की तो विचारतो, ‘नंबर की एमएम?’ जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १४ नंबर म्हणजे जेमतेम २. मिलिमीटरमध्ये आकडा वाढला की सुई जाड. आणि अमेरिकन पॅटर्नमध्ये इंग्रजी अक्षरं. घरातल्या माझ्या डब्यात तिन्ही पद्धतींच्या सुया एकत्र नांदतात आणि निम्म्यांवरचे आकडे घासून पुसले गेलेत. पॅटर्न लिहिणारे काय लिहितात? ‘योग्य त्या सुईने विणावे.’ योग्य ती! म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर ‘योग्य ते औषध’ लिहून द्यावं, तसं.

मापाचंही तेच. १० सेंटीमीटरच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसल्या पाहिजेत, एवढं सांगितलं की समोरचीला आपल्या हाताप्रमाणे सुई बदलता येते. टाके जास्त बसले तर एक माप जाड सुई घे, कमी बसले तर बारीक घे. रुमालाला नसेल एवढं महत्त्व, पण बाळाच्या कुंचीला? माझ्या भाचीच्या बाळंतविड्यात मी केलेली कुंची बाळाला पहिल्या वाढदिवसाला बसली. सगळ्यांनी ‘वाढत्या अंगाची केलीस, शहाणी आहेस’ म्हणून कौतुक केलं. मी गप्प बसले.

दोऱ्याचं माप कोणी लांबीत देईल तर शपथ. ‘दोन गुंडे लागतील.’ कसले गुंडे? ५० ग्रॅमचे की १००? सुती दोरा ॲक्रिलिकपेक्षा जड, त्यामुळे त्याच वजनात कमी मीटर मिळतो, म्हणून ग्रॅमवर भरवसा ठेवला की शेवटची दीड फेरी राहते. मग त्या दीड फेरीसाठी परत दुकान. दुकानदार त्याच रंगाचा गुंडा काढतो, मी लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांवरचा नंबर, बघते तर वेगळा. ‘ताई, सेम आहे.’ सेम नसतो! ट्यूबलाइटखाली सेम असतो, घरी उन्हात धरला की शेवटच्या फेऱ्या शिळ्या वरणासारख्या दिसतात. म्हणून आता मी एक गुंडा जास्तच घेते, आणि मग ‘घरात लोकर किती साठवून ठेवलीय’ म्हणून बोलणी खाते.

व्हिडिओ बघ म्हणाल. बघितले. ४० मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली सहा मिनिटं नमस्कार मैत्रिणींनो. मग काळी लोकर. काळी! टाका दिसतो का काळ्या लोकरीत? नेमक्या अवघड जागी बाईंचा अंगठा मध्ये येतो आणि आवाज येतो, ‘आता इथून असं घ्यायचं, आणि असं काढायचं.’ असं म्हणजे कसं? पुढच्या पाकळीला फास्ट फॉरवर्ड, मागे बासरी. कोपरा कसा वळवायचा हे विचारावं तर तो भाग ‘मी ऑफ कॅमेरा करून घेतलाय.’ अगं बाई, तेवढ्यासाठीच तर आले होते मी! माझी लेक डावखुरी आहे, तिला तर हे सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करून समजून घ्यावं लागतं.

आणि आता नवीनच खूळ आलंय. पैसे भरून घेतलेल्या पॅटर्नवरचं चित्र कॉम्प्युटरने बनवलेलं. लोकरीचा ससा, काय गोड, पण जरा मोठं करून बघितलं तर टाके कुठून येतात आणि कुठे जातात याचा पत्ता नाही. कानावर क्रोशे, पोटावर दोन सुयांचं विणकाम आणि शेपटीवर काय ते ब्रह्मदेवाला ठाऊक. असला ससा जगात कोणीही विणलेला नाही आणि विणूही शकणार नाही. तरी बायका रात्ररात्र जागून, आपलंच चुकतंय समजून उसवत बसतात. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. पॅटर्न चुकतो, आणि बाईला वाटतं आपला हात चुकला.

शेवटी आज मी आईची वही काढली. निळ्या कव्हरची, साताऱ्याहून आणलेली. त्यात तिच्या बारीक अक्षरात ‘गोल आसन’ असं लिहिलेलं सापडलं. हुश्श केलं. वाचलं: ‘४ साखळ्यांचा गोल. त्यात १२ खांब. पुढे नेहमीसारखे वाढवत जाणे.’

झालं. घरचीही त्यातलीच! तशीच आईला फोन लावला. म्हटलं, नेहमीसारखे म्हणजे कसे?

‘म्हणजे नेहमीसारखे. त्यात काय लिहायचं?’

‘अगं, पण किती वाढवायचे?’

‘टेबलावर ठेवून बघायचं दर दोन फेऱ्यांनी. उचललं तर वाढव, मुरडलं तर कमी कर. वाकडं दिसलं तर तिथल्या तिथे उसवावं, पुढे जाऊ नये. तू किती पुढे गेलीस?’

‘१४ फेऱ्या.’

ती हसली नाही, पण हसू दाबल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाली, उसवलेला दोरा तसाच विणू नकोस, कुरळा झालेला असतो, टाके सारखे येत नाहीत. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव आणि बाथरूमच्या नळाला टांगून ठेव, सकाळपर्यंत सरळ होतो.

तर आत्ता आमच्या नळाला मोरपंखी रंगाची लडी टांगलेली आहे आणि नवरा बादलीत पाणी घ्यायला किचनमधून मग भरभरून आणतोय. पहिल्या मॅटच्या चार फेऱ्या दुसऱ्या गुंड्याने झाल्यात, ४८ खांब, दोनदा मोजले. सपाट आहे. गौरी यायला २३ दिवस आहेत आणि साडेपाच मॅट बाकी आहेत, कारण ही पहिली अजून निम्मीही नाही, पण मला अर्धी धरायची आहे.