सोळा आण्यांची साखळी

जुन्या बाजारातून पहिला पितळी थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, छातीशी धरून घरी आलो, तेव्हा हिने दार उघडून एवढंच विचारलं, "ह्यात पाणी किती मावतं?"

मी तिला लॅम्बटनसाहेबाची गोष्ट सांगितली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली रेषा, आखून तो देश मोजायला निघाला. थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आपटून चेमटला, तर साहेबाने स्वतःच ओढून-ताणून पुन्हा सरळ केला. शेवटी १८२३ मध्ये मोजणीच्याच वाटेवर आपल्या हिंगणघाटला वारला. सगळं ऐकून ही म्हणाली, "अर्ध्या टनाचा नाही आणलात, उपकार झाले."

आईने मात्र यंत्र मनावर घेतलं. चिंच-मीठ लावून घासघास घासलं. जुन्या पितळेवरचा लाखेचा पिवळसर मुलामा म्हणजे त्याचं वय. ते एका दुपारी मोरीतून वाहून गेलं. व्हर्नियरवरचे, म्हणजे बारीक मापपट्टीवरचे, आकडे वाचायला आधी भिंग लागायचं, आता अंदाज लागतो. तिपाईवर टॉवेल वाळतात, पण त्याबद्दल मी बोलत नाही.

खरा घोळ माझ्याकडच्या साखळीचा. महसुली मोजणीची जुनी साखळी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. लांबी एक साखळी, रुंदी एक साखळी, की झाला गुंठा. आमचा हॉल १४ फूट. म्हणून ती देवघरावरून निघते, टीव्हीमागून वळते आणि पंख्याच्या बटणापाशी संपते. पाहुणे विचारतात, "बैल कुठे बांधता?"

ही बातमी गावी पोचली. चुलतभावाचा फोन आला, "तुझ्याकडं सरकारी साखळी हाय म्हणं. बांध मोजून दे." दहा वर्षांच्या भांडणाचा बांध तो! साखळी पिशवीत घालून एसटीने गेलो. एक मूठ माझ्या हातात, दुसरी शेजाऱ्याच्या पोराकडे. सातबाऱ्यावरचं एक एकर, म्हणजे ४० गुंठे रान भरलं ३९ गुंठे ३ आणे. भावाचा चेहरा उतरला. शेजाऱ्याने दहा वर्षांत पहिल्यांदा मला चहा विचारला.

मग साखळीच तपासली. वर्षानुवर्षं ढेकळांतून ओढून कड्यांची तोंडं उघडलेली. साखळी चांगली चार इंच लांबलेली! भावाला समजावलं, "साखळी लांबली की जमीन कमी भरते. साखळी आखूड असती, तर जास्त भरली असती. म्हणून तर मोजणीदार आधी साखळीच मोजून घ्यायचे."

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग शेजारी चहाच्या कपबश्या घेऊन आत गेल्याचं बघून माझ्या कानाशी आला.

"पुढच्या खेपेला एखादी आखूड मिळती का बघ की."