धुरावलेल्या मांसातील गुलाबी कडेविषयी खुलासा

४ जुलैच्या सुट्टीनिमित्त अमेरिकेतील मराठी मंडळींमध्ये फिरणाऱ्या एका संदेशात, स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवण्याच्या भट्टीत, शिजवलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा दिसल्यास ते कच्चे समजून फेकून द्यावे, असे म्हटले आहे. हे चुकीचे आहे.

जळत्या लाकडाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसाच्या ओलसर पृष्ठभागातून आत शिरतात व मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी बांधले जातात. त्यामुळे मांसाच्या काळपट बाहेरील थराच्या लगेच आत काही मिलिमीटर रुंदीचा जो गुलाबी पट्टा तयार होतो, तो मांस पूर्ण शिजल्यावरही तसाच राहतो. टेक्सासमधील ब्रिस्केट, म्हणजे गोवंशाच्या छातीचे चिवट मांस, मंद आचेवर दहा-बारा तास ठेवून आतून ९० अंश सेल्सिअसच्या वर नेतात, तरीही हा पट्टा दिसतो. तेथील जाणकार तर तो अभिमानाने दाखवतात. कच्चे मांस मध्यभागी गुलाबी असते, हा पट्टा कडेला असतो, एवढे पाहिले असते तरी गैरसमज टळला असता.

उलट धोका खिम्याच्या टिक्क्यांत अधिक आहे, कारण त्या सुरक्षित तापमान गाठण्याआधीच आतून तपकिरी दिसू शकतात. अमेरिकेच्या कृषी विभागानुसार खिम्यासाठी ७१ अंश, कोंबडीसाठी ७४ अंश आणि गाय-डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती आवश्यक असते. तापमापकाची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी.