बेबल फिशला दोष देऊ नका

जुन्या सायन्स फिक्शन अ‍ॅडव्हेंचर गेम्सचा विषय निघाला की कोणीतरी 'हिचहायकर्स गाइड' या गेममधल्या बेबल फिशच्या कोड्याचं नाव काढतंच. सगळ्यात छळवादी कोडं म्हणून बाकीचे माना डोलावतात. मला हे अजिबात पटत नाही. ते कोडं सुंदर आहे. छळ त्याच्या आजूबाजूला आहे, आणि चर्चा त्याची व्हायला हवी.

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' हा गेम इन्फोकॉम या कंपनीने १९८४ साली काढला. लिहिला खुद्द मूळ गोष्टीचा लेखक डग्लस अ‍ॅडम्स आणि गेम-लेखक स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी. चित्र एकही नाही, सगळं वाचायचं आणि टाइप करायचं. गोष्टीचा नायक आर्थर डेंट व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांच्या यानात अडकलाय. त्यांची भाषा कळायला कानात बेबल फिश हवा, आणि तो देणारं मशीन तिथेच आहे. बटण दाबलं की मासा सुसाट सुटतो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकातून गायब होतो. भोकावरच्या हुकाला ड्रेसिंग गाऊन अडकवला, तर मासा गाऊनला आपटून जमिनीवरच्या जाळीतून निसटतो. जाळीवर टॉवेल टाकला, तर सफाईचा चिमुकला रोबो धावत येऊन मासा पळवतो आणि भिंतीतल्या झडपेतून पसार होतो. झडपेसमोर आर्थरचा मित्र फोर्ड याची पिशवी ठेवली, तर रोबो तिच्यावर धडकतो, मासा हवेत उडतो आणि दुसरा, उडणारा रोबो तो वरच्या वर झेलतो. मग पिशवीवर जाहिरातींच्या टपालाचा गठ्ठा ठेवायचा. धडक बसताच कागद उधळतात, उडता रोबो ते गोळा करण्यात गुंततो आणि मासा थेट आर्थरच्या कानात!

यात अन्याय कुठे आहे? दर वेळी मासा हुकतो, पण कसा हुकला ते समोर दिसतं आणि पुढे काय अडवायचं तेही कळतं. अनोळखी यानात वस्तू कशा वागतील हे खेळणाऱ्याला माहीत नसणारच. करून बघ, फसलं तर शिक, हा विज्ञानकथेचा खरा आनंद या एका खोलीत पुरेपूर मिळतो.

पण तो गठ्ठा कुठे असतो? आर्थरच्या घराच्या दाराशी, खेळाच्या अगदी सुरुवातीला. बाहेर बुलडोझर घर पाडायला आलाय, अशा वेळी जाहिरातींचे कागद कोण उचलेल? थोड्याच वेळात पृथ्वीच नष्ट होते, परत जायची सोय नाही. त्यात मशीनमधले मासेही मोजकेच. गठ्ठा नसेल तर तुम्ही कितीही डोकं चालवा, काही उपयोग नाही. आणि गेम हे सांगत नाही. तुम्हाला आशेवर ठेवतो.

सँडविचचं तर याहून वाईट. पबमध्ये चीज सँडविच विकत घेऊन बाहेरच्या कुत्र्याला घालावं लागतं. घातलं नाही, तर खूप पुढे, एका अतिसूक्ष्म अंतराळ ताफ्यात तुम्ही असताना तोच कुत्रा अख्खा ताफा गिळतो. विनोद म्हणून हे अफलातून आहे. पण तिथवर कष्टाने केलेले सगळे सेव्ह तेव्हा कचऱ्यात जातात, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा रोग एकट्या इन्फोकॉमचा नव्हता. सिएरा कंपनीच्या १९८७ च्या 'स्पेस क्वेस्ट २' मध्ये एक परग्रहवासी प्राणी नायक रॉजर विल्कोचं चुंबन घेतो. लगेच काहीच होत नाही, तुम्ही सेव्ह करत पुढे जाता, आणि मग त्याचं पिल्लू छाती फोडून बाहेर येतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की तेव्हा गेम छोटे होते, अवघड केले नसते तर एका संध्याकाळीत संपले असते. छोटे होते हे खरंच. इन्फोकॉमच्या तेव्हाच्या फाइल फॉरमॅटमध्ये सगळी गोष्ट १२८ किलोबाइटमध्ये बसवावी लागे. पण मासा पकडायला लागणारा वेळ हा विचारात गेलेला वेळ आहे. गठ्ठा राहिला म्हणून पुन्हा पहिल्यापासून तेच टाइप करण्यात गेलेला वेळ मी खेळात धरत नाही.

गेम डिझायनर रॉन गिल्बर्टने १९८९ च्या लेखात हेच बजावलं होतं. आधी अडचण दिसावी, मग तिच्यावरची वस्तू सापडावी. वस्तू उचलायची राहिली म्हणून खेळ कायमचा अडकू नये. पुढे लुकासआर्ट्स या गेम कंपनीने ही शिस्त बरीच पाळली. त्यांच्या १९९५ च्या 'द डिग' मधल्या कासवासारख्या प्राण्याची हाडं जुळवताना मी अक्षरशः वैतागलो होतो. जीवाश्मात पाहिलेला सांगाडा आठवायचा आणि धूसर तुकडे फिरवत बसायचं. तरी गेमवरचा विश्वास उडाला नाही, कारण लागणारं सगळं माझ्यासमोर होतं. असं वैतागायला माझी कधीच हरकत नाही.

'हिचहायकर्स' ची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती बीबीसीने २०१४ मध्ये ३० वर्षांच्या निमित्ताने आणली होती. खेळणार असाल तर दारातला गठ्ठा उचला, पबमध्ये सँडविच घेऊन कुत्र्याला घाला, आणि यानात शिरण्याआधी एक सेव्ह वेगळा ठेवा. मशीनसमोर पोहोचलात की वॉकथ्रू, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं सांगणारं मार्गदर्शन, बंद करा. कोड्याचं उत्तर मी वर फोडलंय, त्याबद्दल माफी. पण गाऊन, टॉवेल, पिशवी, गठ्ठा हे सगळं माहीत असूनही तो मासा कानात शिरताना बघायला मजा येते.