लिथॉप्सच्या १ स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंनी जुलैच्या पहिल्या रविवारी आमच्याकडून ५४० रुपयांना ३ लिथॉप्स (दगडासारखी दिसणारी, दोन जाड पानांची छोटी झाडं) नेले, घरी जाऊन बघतात तर कुंडीत माती नावाला आणि सगळे खडेच, म्हणून त्यांनी काळी माती, गांडूळखत आणि कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणून नीट लावले, पंधरा दिवसांत दोन फुटून पाणी पाणी झाले, आम्ही फोन उचलला नाही, आणि शेवटी लिहिलंय "दगडासारखं झाड म्हणून दगडच विकतात".

आधी आमचं चुकलं ते. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला "आठवड्यातून एकदा थोडं थोडं पाणी" सांगितलं, विचारलं त्याला, हो म्हणाला. पोरगं नवीन आहे पण त्याला शिकवलं नाही ही चूक माझी. दुसरं म्हणजे जुलैमध्ये हे झाड विकायला ठेवायलाच नको होतं. हे मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं, तिथे बऱ्याच भागात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्याही खाली, आणि आपल्या ठाण्यात चार महिन्यांतच अडीच हजाराच्या आसपास पडतो, त्यात घोडबंदरची बाल्कनी, येऊरच्या डोंगराकडून येणारी ओली हवा, कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत तिथे कुंडी कुठली वाळणार. सगळं माहीत असून गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवले. फोनचं म्हणाल तर मी त्या आठवड्यात माल आणायला पुण्याला होतो, परत आल्यावर मिस्ड कॉल बघून उलट फोन करायला हवा होता, नाही केला.

पण खड्यांचं मात्र मला मान्य नाही ताई, कारण ते खडे हीच त्याची माती. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, परलाईट म्हणजे भाजून फुगवलेले पांढरे हलके दाणे, सिंडर म्हणजे दगडी कोळसा जळून उरतो तो सच्छिद्र खडा, आणि विटेचे तुकडे, सगळं ३ ते ५ मिलिमीटरच्या मापात चाळून आणि धूळ धुवून काढून, असं ८ भाग, आणि लाल माती फक्त २ भाग. ही धूळ काढायलाच आमचा अर्धा दिवस जातो, ती राहिली की खड्यांमधल्या फटी बुजतात आणि पाणी अडतं, म्हणूनच बारीक रेती घालून सुद्धा काही फायदा होत नाही उलट नुकसान. वरून पाणी ओतलं की पाचेक सेकंदात खालून धार लागली पाहिजे. तुमच्या फोटोतली माती गुलाबाला एक नंबर आहे, खोटं नाही बोलत, पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि हे झाड स्वतःच पाण्याची टाकी आहे, दोन जाड पानं म्हणजे भरलेली टाकी, मुळांना सतत ओल मिळाली की ते पीतच राहतं आणि शेवटी पान फुटतं. आणि त्या पांढऱ्या बाऊलला खाली भोक दिसत नाही, असेल तर माफ करा. खाली खापऱ्या किंवा गोटे टाकले म्हणजे निचरा होतो असं आपल्याकडे सगळेच सांगतात, माझी आई पण, पण वरची माती बारीक असेल तर पाणी गोट्यांत उतरायच्या आधी मातीतच अडकून बसतं. मूळ लांब सरळ खाली जातं म्हणून कुंडी निदान ४ इंच खोल लागते, तुमचा बाऊल उथळ आहे.

दगड वाटलं यात तुमची चूक नाही हां, १८११ साली बर्चेल नावाच्या इंग्रजाने दक्षिण आफ्रिकेत हे पहिल्यांदा उचललं ते विचित्र खडा म्हणूनच, हातात घेतल्यावर कळलं झाड आहे.

पाण्याचं आता मीच सांगतो. दिवस मोजायचे नाहीत, झाड बघायचं. बाजूला सुरकुत्या पडल्या, दाबून जरा मऊ लागलं की भरपूर पाणी द्यायचं, खालून वाहेपर्यंत, आणि मग पूर्ण सुकेपर्यंत विसरून जायचं. चमचाभर चमचाभर द्यायचं नाही. आपल्याकडे ऑक्टोबर संपता संपता सुरू करायचं, पंधरा-वीस दिवसांनी एकदा. थंडीत मधली फट उघडून आतून पानांची नवीन जोडी दिसायला लागली की पाणी एकदम बंद, कारण नवी जोडी जुनीचंच पाणी पिऊन वाढते आणि जुनी कागदासारखी वाळून जाते, तेव्हा पाणी दिलंत तर जुनी सुकतच नाही, दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. मे महिन्यात झोपलेलं असतं, पावसाळ्यात तर पाण्याला हात लावायचा नाही.

आता घाईचं. फोटोत डावीकडचं तिसरं मला अजून घट्ट दिसतंय. आज संध्याकाळीच काढा, माती झटका, काळं पडलेलं मूळ असेल तर स्वच्छ ब्लेडने कापा, तीन-चार दिवस पंख्याखाली सावलीत कागदावर ठेवा, आणि मग कोरड्या खड्यांत लावा. खडे आमच्याकडून घेऊन जा, पैसे नाहीत. दोन आठवडे पाणी नाही, नंतरही वर सांगितलं तसंच.

फुटलेल्या दोघांचे ३६० रुपये परत हवे असतील तर लगेच देतो, नाहीतर नोव्हेंबरमध्ये दोन नवीन झाडं, मी स्वतः कुंडीत लावून देईन. जून ते सप्टेंबर लिथॉप्स आता काउंटरवर दिसणार नाहीत. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, बिल नसलं तरी चालेल, फक्त बुधवारी येऊ नका, दुकान बंद असतं.