खुलासा : डीलरच्या नावाने लावलेली चिप
सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर, पोरांची पणजीची ट्रिप ठरल्यापासून, एक मेसेज फिरतोय : 'ब्लॅकजॅकला डीलरच्या नावाने एक चिप लावा, मग तो पत्ते चांगले टाकतो.' (ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज 21 च्या जवळ न्यायचा कॅसिनोतला खेळ, डीलर म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणारा, चिप म्हणजे पैशांच्या जागी वापरायचा बिल्ला.) साफ चूक. डीलरला मर्जी चालवायला जागाच नसते. त्याच्या पत्त्यांची बेरीज 16 पर्यंत असेल तर पत्ता ओढायचा, बहुतेक टेबलांवर 17 झाले की थांबायचं, हे नियमानेच बांधलेलं.

चिप लावायची पद्धत मात्र खरी. पत्ते वाटण्याआधी आपल्या बेटच्या (म्हणजे पणाला लावलेल्या चिप्सच्या) पुढे, बेट ठेवायच्या गोलाच्या कडेला एक चिप ठेवायची आणि 'ही तुमची' म्हणायचं. डाव जिंकला तर ती चिप आणि तिच्यावरची कमाई डीलरची. हरला तर तुमची बेट आणि ती चिप, दोन्ही कॅसिनोच्या गल्ल्यात. त्या बिचाऱ्याला काहीच नाही! खरंच द्यायचंय तर चिप टेबलावर सरकवून 'टीप' म्हणा. हातात कोंबू नका. वर कॅमेरे असतात, त्याला ती सगळ्यांदेखत टीपच्या पेटीत टाकावी लागते.

'जिंकलात तर अर्धे द्यावेच लागतात' हेही कुणीतरी मेसेजखाली चिकटवलंय. काहीही! मिरजेतल्या हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत आपण दहाची नोट ठेवतो, तितकीच ही आपखुशीची गोष्ट.