फैजपूर, दोन बोस आणि एक हजेरीपट

मागच्या महिन्यात एका प्रशिक्षणात सांगितलं, मुलांना एकाच गुगल डॉकवर एकत्र लिहायला लावा, सहयोगी अध्ययन होतं. मी उत्साही माणूस. घरून निघतानाच बायको म्हणाली होती, डोक्याला उपरणं बांधून जा, मार्चातच ऊन काय म्हणतंय बघा. मी डोक्यात डॉक घेऊन गेलो.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर बारा, चालू नऊ. नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट. एका मशीनवर तीन-तीन पोरं बसवली, विषय दिला फैजपूर काँग्रेस, १९३६. आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, म्हटलं पोरांना लिहायला भरपूर आहे. लिंक उघडी ठेवली, लॉगिनची भानगड नको म्हणून. तर डॉक उघडताच वर नऊ प्राण्यांची चित्रं आली, कारण बिननावी माणसाला गुगल प्राण्याचं नाव देतं. अ‍ॅनॉनिमस कॅपिबारा, अ‍ॅनॉनिमस क्वोक्का, असलेच सगळे. पहिली दहा मिनिटं इतिहास बाजूला आणि "कोन शे रे हाऊ कॅपिबारा?" यातच गेली.

मग एकदाचं लिहिणं सुरू झालं. पानावर नऊ रंगांचे कर्सर, केळीच्या घडावर माश्या बसाव्यात तसे. एका गटाने लिहिलं, अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली. बरोबर आहे. पण दुसऱ्या गटाला वाटलं चूक आहे, त्यांनी नंदलाल खोडून सुभाषचंद्र केलं. पहिल्यांनी परत नंदलाल. दुसऱ्यांनी परत सुभाषचंद्र. कमेंट टाकायची सोय मी तीन वेळा दाखवली होती, पण समोरचा माणूस चार फुटांवर बसलेला असताना कमेंट कोण टाकतं, सरळ ओरडतात, "मन्ही लाइन कोनी उडाई?" तेवढ्यात तिसऱ्या गटाने मधेच घुसवलं की सर्वांनी भरीत-पुरी खाल्ली. म्हटलं पुरावा काय? तर म्हणे, सर, खान्देशात आले आणि भरीत खाल्लं नसंल का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (अजूनही नाहीये.)

पान जवळजवळ भरत आलं होतं. अक्षर फार बारीक दिसत होतं म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर सगळं सिलेक्ट केलं, साइज वाढवणार तेवढ्यात शिपाई परिपत्रक घेऊन दारात. हातातला हजेरीपट लॅपटॉपवर टेकवला, सही केली, आणि मागे एकच गलका. पान कोरं! नंदलाल नाही, सुभाषचंद्र नाही, नेहरूसुद्धा नाहीत.

मी जे सुरू झालो. कोणी केलं, खरं बोला, उभे राहा सगळे. कंट्रोल झेड, म्हणजे अनडू, दाबा म्हटलं सगळ्यांना. नऊच्या नऊ मशीनवर दाबलं, काही येईना. मग कॅपिबाराला दम दिला. कॅपिबारा रडवेला, "सर, मी नही कयं." क्वोक्कावाल्यांनी कॅपिबारावर ढकललं, शेवटच्या बाकावरच्या तिघांना तर मी काही न विचारताच बाहेर काढलं, सवयीने.

मग एक मुलगी पुढे आली, तिच्या भावाचं सायबर कॅफे आहे. म्हणाली सर, व्हर्जन हिस्टरी बघू का, आणि माझ्या लॅपटॉपवरचा हजेरीपट उचलून बाजूला ठेवला. फाइल मेनूतून एक यादी उघडली, कोणत्या वेळी कोणी काय बदललं ते रंगाने दाखवणारी. सगळे प्राणी तिथे एकाच गाठोड्यात, बिननावी म्हणून. नावाने असलेला माणूस अख्ख्या यादीत एकच. ती जरा घुटमळली, मग हळूच म्हणाली,

"सर, आठे तं तुमनं नाव शे."

हजेरीपट नेमका स्पेसबारवर होता, सिलेक्ट केलेल्या सगळ्याच्या जागी नुसती स्पेस. आणि डॉकमधलं अनडू ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याचं केलेलं ते फिरवत नाही, म्हणजे अख्ख्या वर्गात कंट्रोल झेड न दाबलेला एकच माणूस होता आणि दाबायला तोच पाहिजे होता.

मुलीने जुनं व्हर्जन रिस्टोअर केलं, नेहरू परत आले, भरीतही आलं. बाहेरच्या तिघांना मी आत बोलावलं, पाणी पिऊन या म्हटलं, उगाचच. वर्ग एकदम शांत, नुसता पंख्याचा आवाज. तेवढ्यात स्क्रीनवर कॅपिबाराचा कर्सर हलला, मार्जिनमध्ये आला आणि त्या दिवसातली पहिली कमेंट पडली: सर हजेरीपट खाली ठेवा.